पुढच्या सत्रासाठी एक घटक तरी खुल्या परवान्याखाली तयार करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेले पदवी अभ्यासक्रम राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. पेपर लहान झाले आणि त्यांची संख्या वाढली. दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) पेपर म्हणजे तीस तासिका, चार श्रेयांकांचा म्हणजे साठ. मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक, कौशल्याधारित, भारतीय ज्ञानप्रणाली अशी सत्राची वाटणी झाली. घटकांची मांडणी विद्यापीठागणिक वेगळी, काही स्वायत्त महाविद्यालयांत तर विभागागणिक वेगळी. या मांडणीशी जुळणारे पाठ्यपुस्तक, त्यातही मराठीतले, बहुतेक पेपरांना वेळेवर मिळत नाही. मिळते ते घाईने छापलेले गाईड. अभ्यासक्रमपत्रिकेच्या शेवटी दहा संदर्भग्रंथांची यादी असते. ग्रंथालयात त्यांतल्या दोन-तीन पुस्तकांच्या एक-दोन प्रती असतात आणि वर्गात ऐंशी विद्यार्थी असतात.

या परिस्थितीत प्राध्यापकांच्या हातात असलेल्या एका उपायाविषयी हे पत्र आहे. आपण शिकवता त्या एका पेपरातला एकच घटक, म्हणजे साधारण पंधरा तासिकांचा मजकूर, पुढच्या सत्रापर्यंत खुल्या परवान्याच्या साहित्यावर उभा करा. त्यासाठी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. वर्गात काय वाचायला द्यायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य प्राध्यापकाला आजही आहे.

सुरुवातीलाच एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण बहुतेक चुका इथेच होतात. इंटरनेटवर पैसे न देता वाचता येणारे प्रत्येक पुस्तक खुल्या परवान्याचे नसते. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात कोणालाही उतरवून घेता येतात, पण त्यांचे हक्क मंडळाकडे राखीव आहेत. त्यातले प्रकरण बदलून आपल्या नावाच्या पुस्तिकेत घालता येत नाही. खुल्या परवान्यात लेखक आधीच लेखी परवानगी देऊन ठेवतो: प्रत ठेवा, वाटा, भाषांतर करा, प्रकरणांचा क्रम बदला, दुसऱ्या साहित्याशी जोडा. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून याच कामासाठी वापरात आहेत. भारतासह युनेस्कोच्या सदस्य देशांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये खुल्या शैक्षणिक साहित्याविषयीची शिफारस स्वीकारली, तिच्या केंद्रस्थानी हीच परवानगी आहे.

‘वर्गासाठी झेरॉक्स काढायला कायद्याने मुभा आहे, मग परवान्याची गरज काय?’ हा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी लावलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अध्यापनाच्या बाजूने निर्णय दिला. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षक व विद्यार्थ्यांना अध्यापनाच्या ओघात मजकुराची प्रत काढण्याची सवलत आहे आणि तिचा अर्थ न्यायालयाने व्यापक धरला. मात्र ही सवलत प्रत काढण्यापुरती आहे. त्या प्रकरणाचे मराठी भाषांतर करून संकेतस्थळावर ठेवणे, त्यातली उदाहरणे बदलून नवे पुस्तक करणे, शेजारच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयाला ते पुढे सुधारायला देणे, हे तिच्यात बसत नाही. आपल्याला नेमकी गरज याच गोष्टींची आहे.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने सहा, आणि सर्व हक्क सोडून देण्याची सीसी-झीरो (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स) ही वेगळी घोषणा. प्राध्यापकाने चार अटी ओळखल्या की पुरे. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एसए’ म्हणजे तुम्ही केलेली सुधारित आवृत्तीही त्याच परवान्याखाली द्या. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको. ‘एनडी’ म्हणजे बदललेली आवृत्ती प्रसिद्ध करू नका. भाषांतर हाही बदलच असल्याने नावात ‘एनडी’ दिसले की ते पुस्तक मराठीकरणाच्या यादीतून काढून टाका, मग ते कितीही चांगले असो. दुसरी अडचण मिसळणीची. बाय-एसए आणि बाय-एनसी-एसए या दोन परवान्यांचा मजकूर एकमेकांत विणून एक प्रकरण करता येत नाही, कारण दोन्ही परवाने ‘माझ्याच अटीवर द्या’ म्हणतात आणि त्या अटी जुळत नाहीत. विकिपीडियातील परिच्छेद बाय-एसए आणि एखाद्या पुस्तकातील परिच्छेद बाय-एनसी-एसए असेल, तर ते वेगवेगळ्या विभागांत ठेवून प्रत्येकाचा परवाना तिथेच लिहावा, किंवा एक सोडून द्यावा. आपल्या स्वतःच्या मजकुरासाठी सीसी बाय किंवा बाय-एसए निवडावा असे आमचे मत आहे. ‘एनसी’ घातले की झेरॉक्सवाल्याने छापून विकावे का, स्थानिक प्रकाशकाने स्वस्त आवृत्ती काढावी का, असे वाद सुरू होतात आणि छापील प्रत विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही.

आता प्रत्यक्ष काम. एक उदाहरण तपशिलाने घेतो: प्रथम वर्ष कला किंवा वाणिज्य शाखेतील सूक्ष्म अर्थशास्त्र, घटक मागणी आणि पुरवठा.

अमेरिकेतील राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स हा उपक्रम २०१२ पासून पदवीस्तरावरील पाठ्यपुस्तके प्रसिद्ध करतो. त्यांचे ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’, तिसरी आवृत्ती, सीसी बाय परवान्याखाली आहे. तिसरे प्रकरण मागणी-पुरवठ्याचे, पाचवे लवचिकतेचे. हे प्रकरण उघडण्याआधी आपली अभ्यासक्रमपत्रिका समोर ठेवा आणि तीन रकान्यांचा तक्ता करा: अभ्यासक्रमातील उपघटक, पुस्तकातील विभाग क्रमांक, आणि शेरा. शेऱ्यात चारच शब्द वापरा: तसेच, संक्षिप्त, बदलून, नव्याने. दोन तासांचे हे काम टाळले की पुढे दोन महिने वाया जातात. परदेशी पुस्तक आवडले म्हणून पहिल्या पानापासून भाषांतर सुरू होते, चाळीस पानांनंतर कळते की निम्मा भाग आपल्या अभ्यासक्रमात नाहीच, आणि प्रकल्प तिथेच बंद पडतो.

त्या प्रकरणात पेट्रोलचे कोष्टक आहे. गॅलनला १.४० डॉलर किमतीला मागणी आणि पुरवठा दोन्ही ६० कोटी गॅलन, म्हणजे समतोल. डॉलरचे रुपये आणि गॅलनचे लिटर करून हे कोष्टक मराठीत आणायचा मोह होतो. तसे करू नये. एक अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, त्यामुळे आकडे विचित्र येतात आणि आलेख कागदावर नीट बसत नाही. त्याहून महत्त्वाची बाब अर्थशास्त्राची आहे. आपल्याकडे पेट्रोलच्या किमतीत केंद्राचे उत्पादनशुल्क आणि राज्याचा व्हॅट यांचा वाटा मोठा असल्याने पंपावरची किंमत ही बाजारातील समतोलाचे शुद्ध उदाहरण ठरत नाही. इथे कांदा घ्यावा. लासलगावच्या लिलावात आवक आणि भाव यांचे नाते विद्यार्थ्याला दिसते, आणि सरकारी हस्तक्षेपाचे टप्पेही तारखांसह उपलब्ध आहेत: ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठवून टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य, सप्टेंबर २०२४ मध्ये ते मूल्य रद्द आणि शुल्क २० टक्के, १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. निर्यात थांबली की तोच माल देशांतर्गत बाजाराकडे वळतो, तिथला पुरवठा वक्र उजवीकडे सरकतो, भाव उतरतो. ‘वक्रावरील हालचाल’ आणि ‘वक्राचे स्थलांतर’ यांत विद्यार्थी हमखास गोंधळतो. तो गोंधळ सोडवायला यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण. आवक आणि भावाचे रोजचे आकडे अ‍ॅगमार्कनेट या शेतमाल बाजारांच्या सरकारी पोर्टलवर मिळतात. केंद्राच्या खुल्या डेटा संकेतस्थळावरील आकडेवारीला सरकारचा स्वतंत्र खुला परवाना आहे, तिचाही स्रोत नोंदवावा.

कमाल किंमत शिकवताना मूळ पुस्तकात भाडेनियंत्रणाचा उल्लेख येतो. मुंबईसाठी १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आणि त्याच्या जागी ३१ मार्च २००० पासून अमलात आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हाताशी आहे. १९४७ च्या कायद्यात प्रमाण भाड्याचा आधार १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हा होता. तेवढ्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून चाळी मोडकळीस आल्या आणि कागदावर नसलेली किंमत पगडीच्या, म्हणजे भाड्याखेरीज घेतलेल्या एकरकमी पैशाच्या, रूपाने घेतली जाऊ लागली. सिद्धान्त जे परिणाम सांगतो ते सगळे गिरगाव-परळमध्ये मिळतात.

किमान किंमत शिकवताना मात्र सावध राहावे. ‘हमीभाव म्हणजे किमान किंमत’ असे वाक्य अनेक गाईडांत असते, ते अपुरे आहे. सोयाबीन किंवा तुरीचा हमीभाव ही सरकारी खरेदीची किंमत आहे. सरकार सगळा माल घेत नाही, म्हणून बाजारभाव त्याखाली जाऊ शकतो आणि जातोही. उसाच्या एफआरपीचे (रास्त व किफायतशीर दराचे) तसे नाही. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ खाली ती रक्कम देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. मूळ पुस्तकात हा भेद असण्याचे कारण नाही, आपल्या प्रकरणात तो असलाच पाहिजे. मराठीकरण म्हणतात ते हे काम, आणि अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाशिवाय ते कोणी करू शकत नाही.

इतर विषयांचे थोडक्यात. भौतिकशास्त्रासाठी ओपनस्टॅक्सचे ‘युनिव्हर्सिटी फिजिक्स’ तीन खंडांत आहे, तेही सीसी बाय. एकके एसआय असल्याने बदल कमी लागतात. त्यांचे कलनाचे (कॅल्क्युलसचे) तीन खंड मात्र बाय-एनसी-एसए आहेत, म्हणजे एकाच प्रकाशकाचीही प्रत्येक पुस्तकाची अट वेगळी. परवाना नेहमी त्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर वाचावा, ऐकीव माहितीवर विसंबू नये. संख्याशास्त्राला ‘ओपनइंट्रो स्टॅटिस्टिक्स’ बाय-एसए परवान्याखाली आहे. संगणकासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात मराठी आवाजातले पाठ तयार आहेत, त्यांचा परवानाही बाय-एसए आहे.

मराठी साहित्य शिकवणाऱ्यांची स्थिती तर सर्वांत अनुकूल आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतात. १९०५ मध्ये गेलेले केशवसुत, १९१८ मध्ये गेलेले बालकवी, १९१९ मध्ये गेलेले गडकरी आणि हरिभाऊ आपटे यांचे लेखन केव्हाच सर्वांचे झाले आहे. १९५६ मध्ये निधन झालेल्या मर्ढेकरांचे, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून तसेच आहे. अट एकच: संहिता जुन्या आवृत्तीतून घ्यावी. अलीकडच्या संपादित आवृत्तीतील प्रस्तावना, टीपा आणि शब्दार्थ यांवर त्या संपादकाचा हक्क असतो. मराठी विकिस्रोतावर अशा बऱ्याच जुन्या ग्रंथांची पाने प्रतिमांसह आहेत.

श्रेय कसे द्यायचे याबद्दल विनाकारण धास्ती असते. कृतीचे नाव, लेखक, मूळ ठिकाण, परवाना आणि काय बदलले, एवढे एका परिच्छेदात बसते. वरील उदाहरणात ते असे होईल: ‘हे प्रकरण राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सने प्रसिद्ध केलेल्या प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स, तिसरी आवृत्ती, लेखक डेव्हिड शपिरो, डॅनियल मॅक्डॉनल्ड, स्टीव्हन ग्रीनलॉ, यातील तिसऱ्या प्रकरणावर आधारित आहे. मूळ परवाना सीसी बाय ४.०. भाषांतर केले, विभागांचा क्रम बदलला, उदाहरणे व कोष्टके नवी घेतली.’ सोबत मूळ पुस्तकाचा आणि परवान्याचा दुवा द्यावा. दोन गोष्टी टाळाव्यात. ओपनस्टॅक्सचे बोधचिन्ह आणि मुखपृष्ठ परवान्यात येत नाहीत, ती आपल्या पुस्तिकेवर लावू नयेत. आणि पुस्तकातील प्रत्येक छायाचित्र त्याच परवान्याचे असेल असे गृहीत धरू नये. चित्राखालील ओळ वाचावी, वेगळा हक्क दिसला तर चित्र सोडावे किंवा आकृती स्वतः काढावी. आकृती काढताना वक्र लाल-निळ्या रंगांनी वेगळे करण्याऐवजी सलग आणि तुटक रेषेने करावेत. झेरॉक्समध्ये लाल आणि निळा सारखेच काळे दिसतात.

मराठी मजकुराच्या अक्षरजुळणीवर थोडे अधिक लिहितो, कारण चांगले साहित्य इथेच कायमचे बिघडते. अनेक विभागांकडे जुन्या नोट्स आहेत, पण त्या युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षरप्रणाली येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये. असा मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हे दिसतात. तो शोधता येत नाही आणि दृष्टिबाधित विद्यार्थ्याचे वाचक-सॉफ्टवेअर तो वाचू शकत नाही. रूपांतरके मिळतात, मात्र रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि ऱ्ह-ऱ्य असलेले शब्द डोळ्यांनी तपासावेच लागतात. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांसारखे शब्द एकाच पद्धतीने टंकित करावेत. दोन पद्धती मिसळल्या की पडद्यावर फरक दिसत नाही, पण शोध घेताना निम्मे शब्द सापडत नाहीत. फॉन्टही खुल्या परवान्याचा घ्यावा. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी चालेल. दस्तऐवजाची भाषा हिंदी नव्हे, मराठी अशी नेमावी, म्हणजे सोय असलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. लिबरऑफिस वापरणाऱ्यांनी देवनागरीसाठीचा फॉन्ट आणि आकार स्वतंत्र नेमावा लागतो हे लक्षात ठेवावे. फक्त रोमन लिपीचा आकार बदलून ‘अक्षर मोठे होत नाही’ म्हणून अनेक जण ते सॉफ्टवेअर सोडून देतात. समीकरणे चित्र म्हणून चिकटवू नयेत, सूत्र-संपादकात लिहावीत. नाहीतर पुढच्या माणसाला एक चिन्ह दुरुस्त करायलाही सगळे नव्याने लिहावे लागते.

संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश संकेतस्थळावर शोधता येतात. घटक सुरू करण्याआधीच तीस-चाळीस संज्ञांची यादी ठरवून ती सर्व लेखकांना द्यावी आणि पुस्तिकेच्या शेवटी इंग्रजी प्रतिशब्दासह छापावी, कारण विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिकेत दोन्ही भेटतात. यंत्राने केलेले भाषांतर पहिला खर्डा म्हणून वापरायला हरकत नाही, पण संज्ञा आणि नकारार्थी वाक्ये मुळाशी ताडून पाहिल्याशिवाय एक ओळही पुढे जाऊ देऊ नये. ‘मार्जिनल’ला ते कधी सीमान्त म्हणते, कधी किरकोळ.

पुस्तिका तयार झाली तरी विद्यार्थी गाईडच का उचलतो? कारण गाईड अभ्यासक्रमाच्या क्रमाने असते आणि त्यात परीक्षेचे प्रश्न असतात. ही गरज खरी आहे आणि तिला तुच्छ लेखून खुले साहित्य रुजणार नाही. म्हणून प्रत्येक घटकाला प्रश्नपेढी हवी. पंधरा तासिकांच्या घटकाला तीस-चाळीस वस्तुनिष्ठ प्रश्न, दहा-बारा लघुत्तरी, पाच-सहा दीर्घोत्तरी, आणि गणित असेल तिथे सोडवलेली किमान पाच उदाहरणे. वस्तुनिष्ठ प्रश्नाचे उत्तर नुसते ‘क’ असे न देता ते का, आणि उरलेले पर्याय का नाहीत, हे दोन ओळींत लिहावे. गाईडमध्ये जे मिळत नाही ते इथे मिळाले की विद्यार्थी वळतो. गाईडमधले प्रश्न मात्र उचलू नयेत, तिथेही कोणाचा तरी हक्क असतो.

माणसे किती लागतात? एका घटकासाठी तिघे पुरतात. एकाने लिहावे, दुसऱ्याने, शक्यतो दुसऱ्या महाविद्यालयातील व्यक्तीने, तपासावे, तिसऱ्याने प्रश्नपेढी करावी. ए-४ आकाराच्या तीस-चाळीस पानांपलीकडे जाऊ नये. मोबाइलवर वाचणाऱ्यासाठी प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करावी आणि ती पाच एमबीच्या आत ठेवावी. ग्रंथालयात दोन छापील प्रती ठेवाव्यात, ज्याच्याकडे स्वतःचा फोन नाही तो विद्यार्थी त्यावर अवलंबून असतो.

फाइल व्यक्तिगत ड्राइव्हवर ठेवून दुवा वर्गाच्या गटात टाकणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक सवय. प्राध्यापकाची बदली झाली, संस्थेचे खाते बंद झाले, की दुवा मरतो. तो असतो तेव्हाही अनेकदा ‘परवानगी मागा’ असा फलक दिसतो. झेनोडो या सर्न संशोधन संस्थेच्या ऑनलाइन संग्रहात फाइल ठेवली तर डीओआय, म्हणजे कायम टिकणारा ओळखक्रमांक, विनामूल्य मिळतो, आणि सुधारित आवृत्ती जुनीला धक्का न लावता जोडता येते. पीडीएफबरोबर संपादन करता येईल अशी मूळ फाइल ठेवलीच पाहिजे. देवनागरी पीडीएफमधून मजकूर उचलला तर वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात, म्हणजे परवानगी असूनही सुधारणा करता येत नाही. ग्रंथपालांनी कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये या पुस्तिकेची रीतसर नोंद करावी, ८५६ क्रमांकाच्या क्षेत्रात दुवा आणि ५४० मध्ये परवाना. नोंद नसलेले साहित्य दुसऱ्या वर्षी कोणाला सापडत नाही.

पदोन्नतीचा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही, तो प्राध्यापकाच्या वेळेशी जोडलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतील गुणतक्त्यात भाषांतरित प्रकरणाला ३ आणि भाषांतरित पुस्तकाला ८ गुण आहेत. ई-आशयाच्या चार भागांपैकी किमान एकाला २, संपूर्ण घटकाला ५ आणि संपूर्ण अभ्यासक्रमाला वा ई-पुस्तकाला १२. खुला परवाना असल्याने हे गुण नाकारले जावेत असे त्या तक्त्यात कुठेही नाही. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक भारतात राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी मध्यस्थाला पैसे देण्याची गरज नाही. मात्र नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या लेखनावर वेगळा करार नसेल तर कायद्याने मालकाचा पहिला हक्क येऊ शकतो. म्हणून काम सुरू करतानाच प्राचार्यांकडून एका पानाचे ना-हरकत पत्र घ्यावे, त्यात परवान्याचे नाव स्पष्ट लिहावे.

ज्यांनी पूर्वी पाठ्यपुस्तके लिहिली आहेत त्यांनी जुने करारपत्र काढून पाहावे. हस्तांतरण लेखी नसेल तर ते ग्राह्य नाही, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. मुदत संपून हक्क लेखकाकडे परत आलेले, बाजारातून गेलेले एखादे चांगले मराठी पुस्तक त्याचा लेखक आज खुल्या परवान्याखाली देऊ शकतो. असा एक निर्णय नव्याने लिहिलेल्या चार पुस्तिकांइतका उपयोगी पडेल.

मराठी प्रकाशकांचे काय, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. सखोल संदर्भग्रंथ, संशोधनपर पुस्तके, संपादित आवृत्त्या यांची जागा खुली पुस्तिका घेऊ शकत नाही आणि घेऊ नये. ग्रंथालयाचा पैसा अभ्यासक्रमाच्या पायाभूत पाठ्यपुस्तकांच्या प्रतींवर कमी खर्च झाला तर तो याच ग्रंथांकडे वळवता येईल, आणि ग्रंथालय समित्यांनी तो तसा वळवावा असा आमचा आग्रह आहे.

अभ्यास मंडळांच्या सदस्यांना एक वेगळी विनंती. पुढच्या बैठकीत अभ्यासक्रम मंजूर करताना प्रत्येक पेपराच्या संदर्भयादीत किमान एक खुल्या परवान्याचे पुस्तक, परवान्याच्या नावासह आणि प्रकरण क्रमांकांसह, नोंदवावे. यादीत नाव आले की प्रश्नपत्रिका काढणारा ते उघडतो, ग्रंथपाल त्याची नोंद घेतो, आणि तालुक्याच्या गावी एकटाच तो विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकाला सुरुवात कुठून करायची ते कळते.

आपले,
महाविद्यालयीन प्राध्यापक व ग्रंथपालांचा एक गट